बाबांच्या मरणावरचे ठिपके

लॅपटॉपच्या पडद्यावर लाल चिठ्ठी आली. ‘लांबलेल्या रजेमुळे काम अडलं.’ नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती, कारण रजेवर मी एकटीच होते. माझ्या बाबांना जाऊन आठवडाही झाला नव्हता.

पुण्याच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअरचं काम करते. आमच्या टीमची दर दोन आठवड्यांनी रेट्रो, म्हणजे झालेल्या कामाचा आढावा घेणारी बैठक होते. काय जमलं, काय बिघडलं, पुढे काय बदलायचं, ते निनावी चिठ्ठ्यांवर लिहायचं; बिघडलेलं लाल चिठ्ठीवर. ज्यावर आधी बोलायला हवं, त्या चिठ्ठीला ठिपका द्यायचा. कोणाकडे बोट दाखवायचं नाही, हा पहिला नियम. मला ही बैठक मनापासून आवडायची. इथं तरी आपलं कोणी ऐकतं, असं वाटायचं. खुळी होते मी.

त्या दिवशी मी आरमोरीला घरी होते. बाबा गवंडी होते. शेवटचे दिवस मी गडचिरोलीच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी काढले. रजा संपली नव्हती, पण ‘रेट्रोला तेवढी ये’ असा टीमच्या सरांचा निरोप आला, म्हणून ओसरीत लॅपटॉप उघडून बसले. इअरफोन पुण्यातच राहिले होते. शेजारी आई होती. कोणी आणून दिलेला चहा तिच्यापुढे तसाच होता.

ठिपके पडू लागले. एक, दोन, मग भराभर. कोणाचा कोणता ते दिसत नाही. पण माझ्याशिवाय जितके जण होते तितके ठिपके पडले, म्हणजे जिच्यासोबत मी रोज डबा खाते तिनेही दिला. काळीज फाटतं म्हणतात, ते मला तेव्हा कळलं.

आम्ही बौद्ध. रविवारी बाबांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा विधी आहे, सोमवारी येते, असं मी सांगितलं. सर अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुमच्यात तेरावं वगैरे नसतं ना? मग एवढे दिवस कशाला?”

दिवाळीआधी टीममधल्या एकाचे आजोबा वारले. तो तेराव्यापर्यंत गावी होता. त्याचं काम मीच ओढलं. तेव्हाची रेट्रो मौन पाळून सुरू झाली. लाल चिठ्ठी नव्हती. नसायलाच हवी होती. त्याचं ते दुःख, आणि माझी ती कामाची खोटी.

आईनं सगळं ऐकलं. हळूच म्हणाली, “जाय माय तू कामावर. मले काई होत नाई.”

नवरा गेलेली बाई लेकीच्या साहेबाला घाबरली. बाबांच्या सरणापाशी रडले नव्हते इतकी तेव्हा रडले.

तशीच कॅमेरा सुरू केला. पुण्याला गेल्यापासून शब्द गाळून गाळून बोलत आले होते. त्या दिवशी काही गाळलं नाही.

“माहा बाप मेला, सर. तुमचं काम अडवाले नाई मेला. ते चिठ्ठी काढा.”

सर म्हणाले, भावना समजतात, पण विषय कामाचा आहे, पुढे जाऊ. चिठ्ठी तिथंच राहिली. मी बैठक सोडली. पुण्यानुमोदन केलं आणि मगच पुण्याला गेले.

मी नोकरी सोडेन, असं त्यांना वाटलं असेल. नाही सोडणार. रेट्रो चालवायची पाळी टीममध्ये फिरते. मी आजवर बुजून टाळत आले. येत्या शुक्रवारची मी मागून घेतली आहे. पहिली चिठ्ठी माझी असेल, खाली माझ्या नावानिशी: ‘इथं कोणाच्या मरणाला मौन, आणि कोणाच्या मरणाला ठिपके?’ एकेकाला नाव घेऊन विचारणार आहे. उत्तर आल्याशिवाय पुढचा विषय घेणार नाही.