भाव लगेच उतरला तेव्हा

मला भावात हरवणारा माणूस अमरावतीत नाही, असं मी सांगत फिरतो. भाजीच्या हातगाडीपासून सुरुवात केली आणि दोन दुकानं उभी केली, ती याच तोंडाच्या जोरावर. त्यामुळे ऑनलाइन जाहिरातीतली पांढरी ॲम्बेसेडर मी फोनवर तीन वाक्यांत निम्म्या किमतीवर आणली, तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. लहानपणी मोर्शीला संत्र्याच्या पेट्या उचलायचो. व्यापाऱ्याची अशीच गाडी पुसायला मिळायची, बसायला नाही. मला ती गाडी हवी होती. विकणारा नाशिकचा. बदली झाली म्हणाला. संध्याकाळपर्यंत बयाणा पाठवा, गाडी ट्रकवर चढवतो.

इंजिनाला काय खर्च येईल, हे विचारायला मी सकाळीच अकोल्याला गेलो. या गाड्या जाणणारे एकच म्हातारे मिस्त्री तिथे उरले आहेत. त्यांच्यावर माझा राग होता. "घासाघीस करायची तर भाजीबाजारात जा," असं म्हणून त्यांनी मला एकदा गॅरेजबाहेर काढलं होतं. हातगाडीवाल्याला हे बोलणं विसरता येत नाही.

मी मोबाइल पुढे केला. त्यांनी फोटोंकडे पाहिलंही नाही.

"किती सांगितले होते, अन् कितीत देऊन राहिला?"

मी ऐटीत सांगितलं.

"मंग तो चिडला नाही?"

"काहून चिडंन?"

"शेठ, ज्यानं ही गाडी वीस वर्षं सांभाळली, त्यानं असा भाव ऐकून फोन आपटला असता. ज्याच्यापाशी गाडीच नाही, त्याले काय? जे भेटलं ते त्याचंच."

माझं डोकं तापलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "त्याले सांगा, चेसीसच्या नंबरावर कागद ठेव, वरून पेन्सिल घास, अन् आत्ताच्या आत्ता व्हिडिओवर दाखव. आरसीचा फोटो कोणाचाही चोरता येते. हा छापा गाडीपाशी उभं राहिल्याबिगर निघत नाही."

मी फोन लावला. गाडी गोदामात आहे, म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, आधी बयाणा पाठवा. तिसऱ्यांदा फोन बंद.

मिस्त्रींनी एकही टोमणा मारला नाही. मी असतो तर इतकी चांगली संधी सोडली नसती. त्यांनी फक्त चहा मागवला.

महिन्याभरानं त्यांनीच मला अकोल्यातल्या एका निवृत्त मास्तरांकडे, त्यांची विकायची ॲम्बेसेडर बघायला नेलं. गाडीखाली वाकून नंबराचा छापा काढला, आरसीशी एकेक आकडा ताडून पाहिला, पत्र्यावरून लोहचुंबक फिरवलं. चुंबक कुठेच सुटलं नाही. रंगाखाली पुट्टी नव्हती. आम्ही ओसरीवर बसलो आणि मास्तरांनी किंमत सांगायच्या आधीच सवयीनं मी बाजारभावाच्या निम्मा भाव बोललो.

मास्तर ताडकन उभे राहिले. "उठा! वांगी घ्याले आले का इथं?"

मीही तणतणत उठलो. तेवढ्यात मिस्त्रींकडे नजर गेली. ते खांबाला टेकून खांदे हलेपर्यंत हसत होते. मी परत बसलो आणि मास्तरांना म्हणालो, "तुमचा भाव सांगा."