एका लाथेपुढचं प्रश्नचिन्ह

आत्याचा फोन आला तेव्हा आमची सकाळची बैठक सुरू होती. "संजू, मंदार गेला रे," ती म्हणाली. निधनाची बातमी डेस्कवर आली की दोन ठिकाणांहून खात्री करून घ्यायची, ही वृत्तपत्रातल्या नोकरीने लावलेली सवय. माझ्या तोंडून निघून गेलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की. डॉक्टर पण सांगतत, आणि मी पण बघलंय." ऐकीव एकाकडून आणि डोळ्यांनी पाहिलेलं दुसरं. मंदारला हे उत्तर पटलं असतं.

मंदार माझा आतेभाऊ. त्याचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर ते कुटुंब नाहूरला दोन खोल्यांत राहायला आलं. वडील लवकर गेले, मग आई आणि मुलगा एवढेच उरले. मुलुंडच्या एका कारखान्यात सुटे भाग मोजून पास-नापास करणं ही त्याची नोकरी. घरी आल्यावरही तो मोजायचाच, फक्त वस्तू वेगळी. दोन पात्रं समोरासमोर उभी राहून मारामारी करतात असा एक व्हिडिओ गेम आहे. जगभर त्याच्या स्पर्धा होतात. कुठला ठोसा किती वेळात लागतो, तो अडवला तर आधी कोण सावरतो, हे खेळणाऱ्यांना तोंडपाठ असावं लागतं. हा हिशोब सेकंदाच्या साठाव्या भागात चालतो. ही माहिती खेळाडूंनीच चालवलेल्या एका विकी संकेतस्थळावर असते. कुणीही लिहावी, कुणीही सुधारावी. मंदार तिथे एका पात्राचं पान सांभाळत होता. जाडं, संथ, हिरव्या कातडीचं पात्र. स्पर्धेत ते फारसं कुणी निवडत नाही, म्हणून त्याचं पान वर्षानुवर्षं अर्धवट पडलं होतं.

"कंपनी स्वतः आकडे देते ना रे? मग तू कशाला मोजतोस?" असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "कंपनीच्या कागदावर विश्वास ठेवायचा तर कारखाना मला पगार कशाला देतो, यार?"

या कामाला दोन माणसं लागतात. एकाने मारायचं, दुसऱ्याने अडवायचं. अडवायचं म्हणजे कंट्रोलरवरची दांडी मागे ओढून धरायची, बस. रविवारी सकाळी हे काम आत्याकडे असे. मांडीवर पालेभाजी, एका हातात कंट्रोलर. सुरुवातीला मंदार म्हणायचा, "आई, निळी काढ," आणि आत्या कपाटामागची इंटरनेटची निळी वायर उपसून ठेवायची. मला वाटे, मध्ये कुणाचे निरोप नकोत म्हणून असेल. मग तो मारायचा, पडद्याचं केलेलं चित्रण थांबवून एकेक चित्र पुढे सरकवायचा, आकडा लिहायचा आणि पुन्हा मारायचा. आत्या कंटाळे. "मेल्या, तुझ्या राक्षसाक सांग, माझो भात उतू जातलो." "आई, सोडू नको हां, सोडलंस तर सगळी वाट लागेल." "सोडूक नाय. पण ह्याका जेवूक घालतास की नुसतो मारतास?" विकीचा नियम असा की दोघांनी पाहिल्याशिवाय आकडा पक्का धरायचा नाही. मंदारच्या पानावर दुसऱ्या नावाच्या जागी सगळीकडे 'आई' लिहिलेलं आहे. 'हा आई कुठल्या देशाचा खेळाडू?' असं परदेशातल्या कुणीतरी विचारलं होतं. मंदारने उत्तर दिलं, 'नाहूर. बचाव भक्कम.'

दोन वर्षांपूर्वी त्याच्या बोटांतून वस्तू पडू लागल्या. स्नायूंचा आजार निघाला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, पुढे काय होणार तेही सांगितलं, आणि यावर औषध नाही हेही सांगितलं. कारखाना सुटला. ठोशांची भराभर बटणं त्याला जमेनात, तेव्हा दोघांनी जागा बदलल्या. मारायचं काम आत्याकडे आलं. "आता खालचं आणि लाल एकदम दाब," असं तो सांगे आणि ती पडद्याकडे न बघता बोटांकडे बघत दाबे. तो फक्त दांडी मागे धरून बसे. काही महिन्यांनी तेही जमेना. मग आत्याने पालेभाजीच्या जुडीचं रबर घेतलं आणि दांडी मागे ओढून बांधून टाकली. त्याने बराच वेळ त्या रबराकडे पाहिलं... "झकास," म्हणाला. मी तिथे बसलो होतो.

रबर बांधल्यावर त्याने त्या हिरव्या पात्राची एक लाथ मोजली आणि 'ही अडवता येत नाही' असं लिहिलं. आठवड्याभरात पानावर एकाने शंका काढली, 'मी एकदा अडवली, एकदा अडली नाही.' मंदारने आपलं चित्रण पुन्हा पाहिलं. बचाव करणारं पात्र किंचित वाकलं होतं. रबर जरा खाली ओढलं जात होतं, त्यामुळे पात्र उभं न राहता वाकून बचाव करत होतं. म्हणजे उभ्याने लाथ अडते की नाही, ते कुणी तपासलंच नव्हतं. आत्या म्हणाली, "मीच वाकडा बांधलंय रे." तो म्हणाला, "तू बांधलंस म्हणून चुकलं तरी. नाहीतर मोजलंच नसतं ना." त्याने ओळ खोडली आणि लाथेपुढे प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं, 'नोंद माझी चुकली. पुन्हा तपासून सांगतो.' टाईप करायला त्याला फार वेळ लागत होता. मी करून देतो म्हटलं, तर नको म्हणाला. मग मला म्हणाला, "रविवारी ये. रबर सरळ बांधू आणि हे एक मिटवू. चुकीचं सोडून जायचं नाही." रविवारच्या आधीच श्वास लागला म्हणून त्याला रुग्णालयात न्यावं लागलं. तिथून तो घरी आला नाही.

दिवसकार्य झाल्यावर आत्याने मला बोलावलं. "त्याचा ता एक ऱ्हवलाहा. करूया." प्रश्नचिन्ह अजून तसंच होतं, त्या पात्रात रस असलेलं दुसरं कुणी नव्हतं. मी रबर सोडलं, दांडीच्या मधोमध येईल असं सरळ बांधलं, दोनदा तपासलं. आत्याने चष्मा लावला, दुसरा कंट्रोलर घेतला आणि खेळाची मशीन सुरू केली. खेळ उघडण्याऐवजी पडद्यावर एक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकू लागली. ती काय आहे हे वाचेपर्यंत ती भरली होती. कंपनीने मधल्या काळात खेळात बदल केले होते. ते मशीनने इंटरनेटवरून आपणहून उतरवून घेतले. बदलांच्या यादीत त्या हिरव्या पात्राचं नाव होतं. त्या लाथेचंही. जुनी लाथ आता या मशीनमध्ये नव्हती आणि ती परत आणायची सोयही नव्हती. विकीवर जुन्या खेळाची पानं जशीच्या तशी जपून ठेवतात, म्हणजे प्रश्नचिन्हही जपलं जाईल.

मी हे आत्याला सांगितलं. तिने कपाटामागे पाहिलं. निळी वायर जागेवर होती.

"ती काढली असती तर?"

"तर जुनाच खेळ उघडला असता."

ती म्हणाली, "दरवेळी तोच सांगायचो... निळी काढ, निळी काढ. आज कोणी सांगूकच नाय रे."

आम्ही चहा घेतला. निघताना मी मशीन बंद करू लागलो, तर ती म्हणाली, ऱ्हवांदे. पडद्यावर, पट्टी भरल्यावर उघडलेल्या नव्या खेळात, दोन पात्रं समोरासमोर उभी होती. एकाचा कंट्रोलर आत्याच्या मांडीवर, कुठलंही बटण न दाबता. दुसऱ्याचा मंदारच्या खुर्चीत, दांडीला भाजीचं रबर. ते पात्र पाठ ताठ ठेवून, दोन्ही हात तोंडासमोर धरून, न येणारा फटका अडवत उभं होतं.