फोन मी ठेवला

कळमेश्वरच्या आमच्या कारखान्याची अमेरिकेची ऑर्डर मुलाच्या ताठ्यामुळे गेली, असं सगळे म्हणतात. तो ऐकून घेतो. मी आहे तोवर हे दुरुस्त व्हायला हवं.

आम्ही स्वयंपाकाचे एप्रन शिवायचो. सगळा माल एकाच अमेरिकन खरेदीदाराकडे जायचा. गेल्या वर्षी त्यांच्या सरकारने आपल्या मालावरचं आयातशुल्क अचानक वाढवलं आणि त्याचा फोन आला. वाढलेल्या शुल्कातला अर्धा भार तुम्ही सोसा, म्हणाला. मुलगा कबूल होत होता. मी त्याच्या हातून फोन घेतला, 'जमणार नाही' म्हटलं आणि ठेवून दिला.

"बाबा, हे काय केलं तुम्ही?"

"थांब गा. तो स्वतःहून फोन करते का नाही पाहा."

मी गांधीबागेच्या बाजारात कापड विकत वाढलो. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की आम्ही बोलणं बंद करून ठाणाची घडी घालायचो. ते पायरीवरून परत यायचं. व्यापार म्हणजे मला एवढंच ठाऊक.

त्यातच आपल्या सरकारने निर्यातदारांना मदत जाहीर केली. बँकेचे हप्ते पुढे ढकलता आले, सरकारी हमीवर कर्ज मिळालं. नवं गिऱ्हाईक शोधायला मिळालेली ती सवड मी रुसून बसण्यात घालवली. मुलगा विचारायचा, "करू का फोन?" मी अडवायचो.

शेवटी त्याने माझ्यासमोरच केला. पलीकडचा माणूस अगदी सौजन्याने बोलला. "तुमच्या वडिलांनी नकार दिला. आम्ही त्यांच्या शब्दाचा मान राखला. काम दुसऱ्या देशात दिलं."

मान राखला! कोणी थोबाडीत मारली असती तरी मी इतका सुन्न झालो नसतो. त्या माणसाने माझं 'नाही' खरंच मानलं होतं.

मशिनी बंद पडल्या. काही महिन्यांनी दोन्ही देशांचा समझोता झाला, शुल्क उतरलं. दुसऱ्या दिवशी शिवणाऱ्या बाया फाटकाशी हजर. त्यांच्यातली सगळ्यांत जुनी मुलाला म्हणाली, "भाऊ, टीव्हीवर सांगून राहिले, अमेरिकेनं टॅक्स कमी केला. मशिनी कधी चालू करता?"

"ते गिऱ्हाईक आता येत नाही, बाई."

"कसं येईन? तुम्हीच अकडले ना त्याच्याशी! मोठ्या साहेबांनी असं होऊ देलं नसतं."

मोठा साहेब म्हणजे मी, तिथेच उभा होतो. मुलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतके महिने तो हे असंच झेलत होता, हे मला तेव्हा कळलं.

"बाई, फोन मी ठेवला होता. तो तर हो म्हणत होता."

ती हसली.

"राहू द्या, साहेब. बापाचं काळीज आहे, समजते आम्हाले." आणि मुलाकडे वळून म्हणाली, "पाहा भाऊ! बुढ्या बापाले खोटं बोलाले लावलं तुम्ही."