धुक्यावरच्या सावल्या

ती घटना अजूनही जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते, आणि ती घडली तेव्हा मी तिथे नव्हतोसुद्धा.

पुण्यात तेव्हा आयटीचा जोर होता. हिंजवडीच्या कंपन्यांतली मुलं मंगल कार्यालय सोडून डोंगरात, धरणाकाठी लग्नं करू लागली होती. माझी नेमणूक शहराच्या पश्चिमेला, डोंगरपट्ट्यातल्या पोलीस ठाण्यात होती. पावसाळा सरत असताना एका सकाळी पुण्यातल्या हॉस्पिटलमधून वर्दी आली. पठारावरच्या लग्नात एक गृहस्थ कड्यावरून पडले, खालच्या झुडपात अडकले म्हणून वाचले, पण बेशुद्ध आहेत.

मुलगी विदर्भातली, हिंदू. मुलगा पुण्यातल्या जुन्या मुस्लिम कुटुंबातला. दोघं एकाच कंपनीत. नोंदणी विवाह आधीच झाला होता. पठारावर पंचवीसेक माणसांसमोर फक्त हार घालायचे होते. पडले ते मुलीचे काका. वडिलांमागे त्यांनीच तिला वाढवलं होतं. लग्न त्यांना पसंत नव्हतं, तरी फेटा बांधून आले होते.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "साहेब, ते पडले नाहीत. नवऱ्याच्या मोठ्या भावानं ढकललं. आदल्या संध्याकाळी दोघांचं भांडण झालंय."

भांडण खरं निघालं. किंकाळी ऐकून वळलेल्या तिघांनी जबाबात सांगितलं, की भावाचा हात काकांच्या दंडावर होता. तिघंही मुलीकडचे, पण खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारा घडाघडा बोलतो. हे अडखळत होते. त्यात भावाच्या मनगटावर ताजे ओरखडे. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा उभा राहत होता.

भाऊ चष्म्याचं दुकान चालवणारा, हळू बोलणारा माणूस. मी त्याला समोर बसवलं.

"भांडण कशावरून?"

"ते म्हणाले, तुम्ही पोरीचं नाव बदलाल. मी म्हटलं, आमच्या घरात हा विषयच नाही. माझा आवाज चढला."

"आणि सकाळी?"

"ते तोल जाऊन झुकलेले दिसले. धावलो. दंड धरला, मग हात. निसटला. तुम्हाला पटणार नाही, कळतंय मला. तिच्या माणसांना तरी कसं पटेल?"

हॉस्पिटलात बाकाच्या एका टोकाला नवरी होती, दुसऱ्या टोकाला नवरा, मध्ये तिचा चुलतभाऊ. काका बरे झाले की तिला गावी नेणार, असं त्यानं जाहीर करून टाकलं होतं. ती मला म्हणाली, "साहेब, काय खरं ते लवकर शोधा. मला काकांकडे बघवत नाही, आणि यांच्याकडेही."

दुसऱ्या दिवशी लग्नाचे फोटो काढणारी तरुणी लॅपटॉप घेऊन ठाण्यात आली. आयटीतली नोकरी सोडून ती या व्यवसायात आली होती. काकांना पडताना आपण पाहिलं नाही, असा तिचा पहिला जबाब होता, आणि तो खराच होता.

"सर, मी बाजूच्या खडकावरून दरीकडे बघत होते. खालच्या धुक्यात इंद्रवज्र दिसलं, पूर्ण गोल इंद्रधनुष्य. मी नुसती क्लिक करत राहिले. यात माणसं नाहीत म्हणून हे फोटो रिजेक्टमध्ये टाकले होते. आज मोठे करून पाहिले."

माणसं नव्हतीच. पांढऱ्या धुक्यावर रंगांचं कडं होतं, आणि बाजूला कड्यावरच्या माणसांच्या लांब सावल्या. एका फोटोत फेट्याचा तुरा असलेली सावली पुढे कलली होती; एकटी. दुसरी सावली बरीच मागे. पुढच्या फोटोत ती झेपावलेली. त्यापुढच्यात दोघांचे हात जुळलेले, आणि फेट्याची सावली खाली गेलेली.

मेमरी कार्ड पंचनामा करून ताब्यात घेतलं. पण सावल्यांवर विसंबण्याआधी जागा पाहणं भाग होतं. पुढच्या उघडिपीच्या सकाळी पंच, हवालदार आणि त्या फोटोवालीला घेऊन पठारावर गेलो. हवालदाराला काकांच्या जागी, कड्यापासून थोडं मागे उभं केलं. पाठीमागून ऊन आलं, खालून धुकं वर चढलं, आणि ते उमटलं.

मी बरीच वर्षं त्या डोंगरांत हिंडलो होतो. असं काही पाहिलं नव्हतं. माझी सावली दरीवर पसरली होती आणि तिच्या डोक्याभोवती सात रंगांचं तेज होतं. वारा थांबला होता. मग हवालदार हळूच म्हणाला, "सायेब, ते गोल माझ्या डोक्याभोवती हाय."

"नाही, माझ्या," मी म्हणालो. फोटोवाली हसली. ज्याला त्याला ते स्वतःभोवतीच दिसतं, असं तिनं सांगितलं. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मी दोन पावलं पुढे सरकलो होतो. पंचांनी माझी बाही धरली होती.

तिनं त्याच खडकावरून पुन्हा घेतलेल्या फोटोंतल्या सावल्या आधीच्या फोटोंशी जुळल्या. वैद्यकीय तपासणीत ओरखडे काकांच्याच नखांचे निघाले. त्या पकडीमुळेच ते थेट दरीत न जाता कड्यालगत घसरले होते.

काही दिवसांनी काका शुद्धीवर आले. कड्यावरचं त्यांना एवढंच आठवत होतं: "माझ्या सावलीला तेज आलं होतं. पाय आपोआप पुढे गेले." मी लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. जुळलेल्या हातांचा फोटो त्यांनी बराच वेळ पाहिला. चुलतभाऊ पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याला ते म्हणाले, "बाहेर आमच्या जावयाचे भाऊ बसलेत. त्यांना आत बोलाव."

जावई हा शब्द त्या घरात कोणी प्रथमच उच्चारला असावा. नवरी दारातच रडू लागली.

पुढे कितीतरी जबाब घेतले. साक्षीदारानं काय पाहिलं, हे विचारण्याआधी तो कुठे उभा होता आणि तेव्हा कशाकडे बघत होता, हे विचारायची सवय मला त्या प्रकरणानं लावली. माणसाच्या हातून वाईट घडतं, हे खात्यात रोजच दिसतं. पण सुंदर काहीतरी पाहून माणूस पायाखालची जमीन विसरू शकतो, आणि ज्याच्याशी काल भांडण झालं त्याच्यासाठी दुसरा त्याच कड्याकडे धावू शकतो, हे त्या सकाळीनं मला शिकवलं.