सत्यभामाबाईच्या कमरेचं हाड

उसनं मागायला सत्यभामाबाई कधी कुणाच्या दारात गेली नाही. त्यामुळं कमरेचा मणका सरकल्यावर डॉक्टर म्हणाले, "दोन मणके जोडावे लागतील, मधे भरायला हाड लागेल," तेव्हा तिनं आधी विचारलं, "कुणाचं?" दान केलेलं मिळतं, तयार केलेलंही मिळतं, असं ते सांगायला लागले. "माझं न्हाई का चालत?" चालत होतं. खुब्याचं थोडं हाड काढून, त्याचा चुरा करून मणक्यांमध्ये भरला आणि स्क्रू आवळले. गेवराईजवळच्या वस्तीवर भेटायला येईल त्याला ती ऐटीत सांगायची, "माझंच हाड मला घातलं."

स्क्रू नुसते धरून ठेवतात, खरं काम चुऱ्याचं. त्यानं जीव धरला तर दोन मणक्यांचं एक हाड होणार. तोवर वाकायचं नाही. पण शेळ्या म्हणजे बाईचा जीव की प्राण, आणि नवरा तात्याबा पिळायला बसला की अर्धं दूध धोतरावर, सून जवळ गेली की शेळ्या लाथा झाडायच्या. शेवटी ठरलं, हाड जुळलं नाही तर शेळ्या दिंद्रुडला नणंदेकडं, विजयमालाकडं धाडायच्या. नणंद स्वभावानं चांगली, हीच पंचाईत. नाही म्हणायला कारण सापडेना.

तीन महिन्यांनी एक्स-रे काढला. चुरा होता तसाच. डॉक्टरांनी ऑपरेशनआधी विचारलेलंच पुन्हा विचारलं, "मावशी, तंबाखू खाता का?"

"न्हाई बा. आमचे मालक खात्यात."

"मग दात काळे कशानं?"

"मिसरीनं. दिसातून चारदा लावती. दात लई बळकट ऱ्हात्यात."

"आणि मिसरी कशाची करता?"

"कशाची म्हंजी? तंबाखू तव्यावर भाजायची, बारीक..." बोलता बोलता बाई थांबली. सून सुकन्या पदरात तोंड खुपसून हसायला लागली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मिसरीतली तंबाखूच हिरड्यांतून रक्तात जाते आणि हाड जुळू देत नाही, असं त्यांनी समजावलं.

"पर मी खात न्हाई, घासती," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

घरी येताच मिसरीची डबी चुलीत गेली. मग काही दिवस वस्तीवर कुणाची धडगत नव्हती. सुनेवर ओरडून झालं की शेळ्यांवर ओरडायची. तात्याबानं तंबाखूची पिशवी काढली की त्याला माळावर पिटाळायची. तोही बिचारा मुकाट्यानं जायचा.

पुढच्या खेपेला डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले, "जुळलं."

"परत बगा."

त्यांनी परत बघितलं. जुळलंच होतं. स्टुलावर बसून शेळी पिळायची परवानगी मिळाली, तेव्हा तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

संध्याकाळी चरवी फेसानं भरून आली. बाईनं दिंद्रुडला फोन लावला. नणंदेला वाईट वाटेल म्हणून जरा आढेवेढे घेतच सांगितलं, शेळ्या काही येत नाहीत.

"लई बरं झालं वैनी," विजयमाला पलीकडून म्हणाली. "म्या रोज नारायणगडाकडं तोंड करून हात जोडत होते. मला कुठं पिळाया येतंय?"

सत्यभामाबाई खो खो हसत सुटली. हसताना सवयीनं हात कमरेवर गेला. कंबर दुखत नव्हती.