फोटोचं तिकीट

माझा मोबाईल हातात घेतला की ते आधी चष्मा कपाळावर सरकवत. मग मोबाईल वीतभर अंतरावर धरून फोटोकडे नाही, फोटोखालच्या रिकाम्या जागेकडे बघत. आणि विचारत, "ह्याचं तिकीट कुठंय, बाई?"

उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढलेला माणूस. पाटोद्यात त्यांच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते. बदली होऊन आले तेव्हा गॅसची शेगडी जोडून देण्यापासून दूधवाला ठरवण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. सगळी गल्ली त्यांना काका म्हणायची, मीही म्हणू लागले.

निवृत्त झाल्यावर पुण्याच्या लेकीने त्यांना कॅमेरा घेऊन दिला. चामड्याची बॅग ज्या खांद्यावर असायची त्याच खांद्यावर तो आला. फोटो काढताना ते पाय फाकवून, गुडघे जरा वाकवून उभे राहत. जमीन स्थिर आहे यावर त्यांचा विश्वासच नसावा. वळण कधीही येईल!

तुमच्याही ओळखीत असा एखादा निवृत्त माणूस असेल, ज्याला काय करावं कळत नाही म्हणून तो घरच्यांना शिस्त लावत बसतो. काकांनी काकूंना सोडलं आणि मला धरलं. कारण मी ब्लॉग लिहीत होते.

ब्लॉग साधाच. रानभाज्या, आमच्या भागातले जुने शब्द, बाजारात ऐकलेलं काहीबाही. वाचणारे शंभरेक असतील. एकदा मी घोळीच्या भाजीवर लिहिलं आणि नेटवर शोधून एक छान फोटो लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी परसातल्या भिंतीवरून काकांचं डोकं वर आलं.

"बाई, ही घोळ न्हाई. हे चिनी गुलाब हाय. कुंडीत लावत्यात. कुनी ह्याची भाजी केली तर तुमाला शिव्या देईल."

मी ओशाळले. पण ते थांबले नाहीत.

"आन् फोटो कुनी काढलाय?"

"नेटवरचा आहे, काका."

"नेट म्हंजे कोन्त्या तालुक्यात आलं?"

मला तेव्हा रागच आला. चार ओळींच्या लेखासाठी एवढी चौकशी! पण दुपारी ते त्यांचा जुना कॉम्प्युटर उघडून बसले आणि मला बोलावून घेतलं. जगभरचे लोक स्वतः काढलेले फोटो ज्या ठिकाणी सगळ्यांसाठी मोकळे ठेवतात, ते ठिकाण त्यांनी शोधून काढलं होतं. स्वतःचे दीडशेएक फोटोही तिथे ठेवले होते. माळावरचा चंडोल, विहिरीतली पायरी, करडईचं रान, बाजारातल्या मिरच्यांचा ढीग.

"हे कुनीबी घ्यावं. मला इचारायची गरज न्हाई. पन खाली माझं नाव लिवावं, कुठून घेतला ते लिवावं, कोन्त्या परवान्यावर घेतला ते लिवावं."

"म्हणजे फुकटच ना?"

ते दुखावल्यासारखे झाले. "बसमधी पासवाले बसत्यात का न्हाई? पैसे देत न्हाईत, पन पास दाखवावाच लागतो. फुकट येगळं आन् बिनतिकीट येगळं."

त्या परवान्याचं नाव होतं 'सीसी बाय'. काका दिवसातून चार वेळा ते उच्चारत. एकदा काकू मला हळूच म्हणाल्या, "ही बाय कोन हाय गं? रोज हिचंच नाव काढत्यात." मी समजावून सांगितलं, की काकू, ही बाई नाही, 'बाय' म्हणजे अमक्याने काढलेला. काकूंनी मान हलवली. "मग ठीक हाय," म्हणाल्या, पण पुढचे दोन दिवस त्यांचा चहा जरा फिकाच होता.

मी सुधारले. जुने सगळे फोटो काढून टाकले, बहुतेक ठिकाणी काकांचेच लावले, खाली नीट नाव लिहिलं. नाव दिसलं की ते काही बोलत नसत. नुसते हं म्हणत आणि चष्मा कपाळावरून खाली आणत. मला तो 'हं' मुख्याध्यापकांच्या शेऱ्यापेक्षा मोठा वाटू लागला.

आणि मग माझ्याच हातून ते घडलं.

दसरा झाला की आमच्या भागातली निम्मी गावं रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमध्ये संसार भरून कारखान्यांकडे निघतात. त्या वर्षी काकांनी फाट्यावर एक फोटो काढला. भरलेल्या ट्रॉलीवर, गाठोड्यांच्या मधोमध बसलेली एक बाई. तिशीची असेल. दातात दोरीचं टोक धरलेलं, दोन्ही हात गाठ आवळतायत आणि तशातही कुणाच्या तरी बोलण्यावर ती हसतेय. फार सुंदर फोटो होता. काकांनी तो नेहमीप्रमाणे सगळ्यांसाठी मोकळा ठेवला.

मी त्यावर लेख लिहिला. फोटोखाली काकांचं नाव, परवाना, सगळं अगदी चोख. आणि वर मी काय लिहिलं होतं? "हिच्या हसण्यावर जाऊ नका. कोयता हेच हिचं माहेर आणि कोयता हेच सासर. हिच्या वाट्याला फक्त वाट आली आहे, मुक्काम नाही." लिहिताना मला स्वतःचाच गहिवर आला होता. लेख मोबाईलवरून मोबाईलवर फिरला. शंभर वाचकांचे हजारो झाले. मी खूश होते.

तीनेक आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली काकांच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात मोबाईल.

"हा फोटो तुमी काढला का?"

"हो, ताई."

"मला इचारलंतं का?"

मी वरून बघत होते. आयुष्यभर दुसऱ्याला तिकीट विचारलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बिनतिकीट सापडल्याचे भाव मी पहिल्यांदाच पाहिले.

"न्हाई इचारलं," ते म्हणाले.

मग ती बोलत राहिली. आवाज चढवून नाही, पण एकेक शब्द सुटा. तिचं नाव शोभा. डोंगरपट्ट्यातल्या गावात राहते; फोटोखालचं नाव विचारत विचारत आली होती. नवऱ्याबरोबर आठ वर्षं तोडीला गेली. मग घरात भांडून, रडून, उपाशी राहून तिने कोयता सोडला आणि शिलाई मशीन घेतलं. त्याला तीन वर्षं झाली. त्या दिवशी ती फक्त बहिणीला वाटेला लावायला आली होती, तिचं गाठोडं बांधून द्यायला ट्रॉलीवर चढली होती.

"माझा भाऊ फोन करतोय, काहून गं, पुन्यांदा तोडीला गेलीस? लपवलंस व्हय आमच्यापून? आन् गावातल्या चार बायांनी कापड माघारी नेलं. म्हनल्या, तू जानार कारखान्यावर, लग्नाचे ब्लाऊज कुनाकडं मागायचे? आठ वर्सांनी मी ज्याच्यातून निघाले, त्याच्यात तुमी मला एका फोटोत नेऊन बसवलं."

"चूक माझी हाय, ताई," काका म्हणाले. "फोटो मी काढला."

लेख माझा होता. शब्द माझे होते. आणि ज्या माणसाने मला नाव लिहा, नाव लिहा म्हणून भंडावून सोडलं होतं, त्याने त्या क्षणी माझं नाव घेतलं नाही. मला वरच थांबता आलं असतं. खोटं का बोलू, दोन क्षण थांबलेही. मग ओला टॉवेल तसाच खांद्यावर घेऊन खाली गेले आणि म्हणाले, "लिहिलं मी आहे."

शोभाने माझ्याकडे पाहिलं. "तुमी मास्तरीन हाव ना? इचारायचं तरी."

लेख मी तिच्यासमोरच काढून टाकला. काकांनीही नेटवरच्या आपल्या जागेवरून फोटो हटवला. पण तेवढ्याने भागत नव्हतं. मधल्या काळात आणखी तीन ठिकाणी तो लागला होता, आणि तिघांनीही काकांचं नाव व्यवस्थित लिहिलं होतं. नियमाने त्यांची काहीच चूक नव्हती. मोकळा दिलेला फोटो एकदा ज्याने घेतला, त्याच्याकडून परवानगी मागे घेता येत नाही. हे काकांना माहीत होतं; आता पहिल्यांदा कळलं.

त्यांनी मला तिघांना पत्रं लिहायला लावली. हुकूम नाही, विनंती. मजकूर ते सांगत होते, मी लिहीत होते. "लिवा, की परवाना माझा व्हता, पन चेहरा तिचा व्हता. तेवढं बघायचं ऱ्हायलं." एकाने दुसऱ्याच दिवशी फोटो काढून टाकला. दुसऱ्याने मजकूर बदलला. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही. काका रोज सकाळी भिंतीवरून विचारत, "आलं का?" मी मान हलवे. महिनाभर विचारलं त्यांनी.

त्याआधीच, पुढच्याच रविवारी, आम्ही दोघं एसटीने तिच्या गावी गेलो. पत्र्याच्या खोलीत दाराशीच उजेडात मशीन. आम्ही माफी मागितली. तिने चहा केला. मग म्हणाली, "फोटो वाईट न्हाई. माझा असा हसरा फोटो माझ्याजवळ एकबी न्हाई. लिवलेलं खोटं हाय."

काकांनी कॅमेरा पिशवीतच ठेवला होता. त्यांनी विचारलं, "मशीनवर बसलेला काढू का?"

"काढा."

"आन् लोकांसाठी ठेवू का? ठेवला तर कुनीबी घेईल. कुठंबी लावील. चांगल्यालाबी, वाईटालाबी. मग मलाबी आवरता येनार न्हाई."

तिने पायडल दोनदा रिकामंच हलवलं.

"माझा नका ठेवू. तो मला द्या. मशीनचा ठेवा."

तसंच झालं. तिचे दोन्ही फोटो, ट्रॉलीवरचा आणि मशीनवरचा, काकांनी मोठे छापून नेऊन दिले. एकट्या मशीनचा फोटो जगाला मिळाला. आणि माझ्या ब्लॉगवर मी तिने सांगितलं तसं, एक शब्द न बदलता लिहिलं: "आधी लिवलं ते खोटं व्हतं. शोभा ब्लाऊज शिवते. फॉल-पिको बी करते. दिवाळीनंतर बी गावातच हाय." माझ्या सगळ्या लिखाणात आजवर याच्याइतका उपयोगी पडलेला मजकूर नाही. लग्नसराईत तिला रात्रीचं जेवायला वेळ नव्हता, असं ती पुढे बाजारात भेटली तेव्हा म्हणाली. हसली, पण माझ्याशी जरा जपूनच बोलली. तो तिचा हक्क आहे.

त्यानंतर काका माणसांचे फोटो विचारून काढू लागले. विचारलं की लोक ताठ उभे राहत. बाया पदर सारखा करत, म्हातारे टोपी. हसणारा तोंड मिटून घेई. एका मेंढपाळाने तर फोटोसाठी मेंढरंसुद्धा रांगेत लावली. काकांचे फोटो पहिल्यासारखे राहिले नाहीत, मी तसं म्हणालेही.

"फोटो बिघडले," ते म्हणाले, "पन झोप सुधारली."

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. सकाळी चहा घेऊन खुर्चीत टेकले ते टेकलेच. कॅमेरा लेकीने पुण्याला नेला. भिंतीपलीकडे आता दिवसभर शांतता असते. फक्त संध्याकाळी काकू येतात, माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसतात आणि थोड्या वेळाने विचारतात, "आज कुनी नेला का त्यांचा फोटो?"

मी शोधते. बहुतेक दिवशी काही नसतं. परवा मात्र एका परक्या देशातल्या पानावर त्यांचं फुललेलं करडईचं रान दिसलं. खाली-वर भरगच्च मजकूर, गोल गोल अक्षरांचा. कुठली लिपी होती, तेही मला सांगता आलं नाही. फोटोखाली इंग्रजीत एकच ओळ होती.

काकूंनी मोबाईल हातात घेतला. "काय लिवलंय गं?"

"मला वाचता येत नाही, काकू. ही खालची ओळ तेवढी येते. काकांचं नाव आहे."

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे केला.

"मग तेवढंच वाच."