माझी नको

गल्लीत तिला सगळे टाकेवाली म्हणत. उसवलेलं, फाटलेलं, अंगाला घट्ट झालेलं काहीही आणा, ती डोळ्यांजवळ धरून म्हणायची, “कापड चांगलं आहे, माणूस वाढलाय.” नवरा गेल्यापासून घर तिच्या मशीनवर आणि एकुलत्या लेकीच्या पगारावर चालायचं. लेक सूत रंगवायच्या कारखान्यात होती. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीची मुलगीही तिथेच. दोन्ही घरं यहुदी, एकाच सिनेगॉगची. मुली बरोबर जायच्या, बरोबर यायच्या.

त्या दुपारी ती कोटाला अस्तर लावत होती, तोच मोठा आवाज झाला आणि काचा थरथरल्या. कारखान्याच्या बाजूला धूर दिसला. ती अनवाणीच धावली. “देवा, माझी नसू दे,” ओठांवर आलं आणि बापाचं बोलणं आठवलं. घडून गेलेलं बदलून मागू नये, ती प्रार्थना फुकट जाते, असं तो म्हणायचा. शिवाय आपली नको म्हणजे दुसऱ्याची चालेल, असाच त्याचा अर्थ. तिने ओठ मिटून घेतले. पण फाटकाशी स्ट्रेचर दिसलं आणि तोंडातून निघालंच, “माझी नको!”

स्ट्रेचरवर वरच्या मजल्यावरची मुलगी होती, तोंडावरून चादर ओढलेली. लेक भाजलेला हात ओल्या फडक्यात गुंडाळून भिंतीशी बसली होती.

सिनेगॉगमध्ये बायका म्हणाल्या, “देव तारी त्याला कोण मारी! पोरीला आभाराची प्रार्थना म्हणायला लाव.” सगळे गेल्यावर टाकेवाली म्हाताऱ्या रब्बींसमोर उभी राहिली.

“मी मागितलं आणि मला मिळालं. शेजारणीची गेली.”

“तू तोंड उघडलंस तेव्हा बॉयलर फुटून गेला होता, बाई. वाफ कोंडली की पत्रा जिथे कमजोर, तिथून फाटतो. जग आपल्या चालीने चालतं. चोरीचं बी पेरलं तरी उगवतंच.”

“मग माझीला देवाने नाही वाचवलं?”

“कोणी म्हणतात, एकेका जिवावर त्याची नजर असते. कोणी म्हणतात, नियम घालून दिले हीच त्याची काळजी. मी दोन्ही शिकवतो.” त्यांनी चष्मा पुसला. “माझा मुलगा तापाने गेला तेव्हा मला दोन्ही पुरलं नाही.”

ती आली होती त्याहून जड होऊन घरी गेली. बरेच दिवस जिना चढायचं धाडस झालं नाही. शेवटी चढली. शेजारण पलंगाच्या काठावर बसली होती.

“देवाने तुझी तारली म्हणतात,” ती म्हणाली. “मग माझीला कोणी मारलं, तेवढं सांग.”

“धावताना मी म्हणाले होते, माझी नको.”

“मीही तेच म्हणत धावले,” शेजारण म्हणाली, आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली.

पुढे लेकीनेच सांगितलं. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह केव्हाचा अडकलेला होता. मुलींनी बोलूनही दाखवलं, तर मुकादम हसून म्हणाला होता, “इतकी वर्षं देवाने सांभाळलंय की!” दोघी आया मालकाच्या ऑफिसात गेल्या. मालक नशिबाबद्दल बोलू लागला तशी टाकेवालीने त्याला तोडलं, “देवाचं आम्ही देवाशी बघू. व्हॉल्व्ह तुमचा होता.”

चौकशी झाली, मुकादमाची नोकरी गेली, नवा बॉयलर बसला. लेकीची बोटं पुरती वळत नाहीत. ती आता आईजवळ बसून डाव्या हाताने काजं करते. शेजारणीने सिनेगॉग सोडलं. टाकेवाली जाते, मागच्या बाकावर बसते. आभार मानावेत की जाब विचारावा, हे तिचं अजून ठरलेलं नाही.